परदेशी जोडीदार, भारतातला संसार : कागदांचा क्रम आणि तारखांचे गणित

लग्न ठरले की आपल्याकडे सगळ्यांत आधी हॉलची चौकशी सुरू होते. पण जोडीदार दुसऱ्या देशाचा नागरिक असेल आणि संसार इथेच, पुण्यात, नाशकात किंवा सांगलीत थाटायचा असेल, तर हॉलच्या आधी तीन गोष्टी नक्की करून घ्या. लग्न कोणत्या कायद्याखाली होणार? त्या दिवशी परदेशी जोडीदाराच्या हातात कोणता व्हिसा असणार? आणि नोंदणीच्या प्रमाणपत्रावर तारीख कोणती पडणार? पुढची कितीतरी वर्षे सरकारदरबारी तुमचे काम सोपे जाणार की अवघड, हे बहुतांशी या तीन उत्तरांवर ठरते. अशी जोडपी सल्ला विचारायला येतात तेव्हा प्रेमात, घरच्यांच्या संमतीत, समजूतदारपणात काहीच कमी नसते. अडते ते क्रमात. जे आधी करायचे ते नंतर केलेले असते.

आधी एक मोठा गैरसमज दूर करू. लग्नाने नागरिकत्व मिळत नाही आणि जातही नाही. भारतीय मुलीने फ्रेंच मुलाशी लग्न केले म्हणून ती भारतीय नागरिक राहत नाही असे कधीच होत नाही. भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वतःहून दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले तर मात्र आपले नागरिकत्व संपते. तसेच तो मुलगाही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भारतीय होत नाही. त्याच्यापुढे पायऱ्या असतात : आधी व्हिसा, मग पात्र ठरल्यावर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, आणि मनात असेल तर पुष्कळ वर्षांनी नागरिकत्व. यातली व्हिसाची पहिली पायरी गाळता येत नाही.

कायदा कोणता?

वधू आणि वर दोघेही हिंदू असतील, म्हणजे मुलगी अमेरिकेत वाढलेली पण हिंदू कुटुंबातली असेल, तर १९५५च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे विधी करून नोंदणी करता येते. जोडीदार ख्रिस्ती, मुस्लिम, ज्यू किंवा कोणताच धर्म न मानणारा असेल तर मात्र सप्तपदी कितीही शास्त्रोक्त झाली तरी हा कायदा लागू होत नाही. हिंदू आणि ख्रिस्ती यांचे हिंदू पद्धतीने लागलेले लग्न या कायद्याखाली वैध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली गुल्लीपिल्ली सोवारिया राज खटल्यात स्पष्ट केले आहे. अशा जोडप्यांसाठी सरळ रस्ता १९५४च्या विशेष विवाह कायद्याचा. केवळ सोयीसाठी धर्मांतराचा दाखला आणून देणारे लोक भेटतात. त्यांच्या नादी लागू नये, असे मी आग्रहाने सांगेन. श्रद्धेचा प्रश्न वेगळा, पण व्हिसासाठी घेतलेला असा दाखला पुढे प्रत्येक टेबलावर शंका निर्माण करतो आणि लग्नाची वैधताच वादात सापडू शकते.

उलट चूकही होते. विधी पुढच्या वर्षी थाटात करू, आत्ता व्हिसासाठी नुसती नोंदणी करून ठेवू, असे अनेक घरांत ठरते. हिंदू विवाहाच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉली राणी विरुद्ध मनीष कुमार चंचल या प्रकरणात सांगितले, की आवश्यक विधी झालेच नसतील तर केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. परदेशी व्हिसाच्या अर्जासाठी अशी घाईची नोंदणी करण्याच्या प्रथेचा न्यायालयाने त्या निकालात मुद्दाम उल्लेख केला आहे. विशेष विवाह कायद्यात ही अडचण येत नाही. तिथे विवाह अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांच्या साक्षीने झालेला विवाह हाच विवाह असतो. नंतर मांडव घालून अंतरपाट धरायचा की चर्चमध्ये आशीर्वाद घ्यायचे, ही तुमची हौस. कायद्याची बाजू आधीच भक्कम झालेली असते.

या कायद्याचा एक परिणाम मात्र सही करण्याआधी समजून घ्यायला हवा आणि तो घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगायला हवा. एकत्र कुटुंबातल्या हिंदू व्यक्तीने परधर्मीय जोडीदाराशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले, तर कलम १९ प्रमाणे ती व्यक्ती अविभक्त कुटुंबातून विभक्त झाली असे धरले जाते. तिचा हिस्सा बुडत नाही, पण एकत्र कुटुंबाचे खाते, वडिलोपार्जित जमीन, कौटुंबिक व्यवसाय यांच्या कागदांवर त्याचा परिणाम होतो. शिवाय अशा जोडप्याच्या मालमत्तेचा वारसा हिंदू उत्तराधिकार कायद्याने नाही, तर भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. जोडीदारही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असेल तर हे दोन्ही लागू होत नाही.

गोव्यात पद्धत निराळी आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून आलेला नागरी कायदा चालतो. सिव्हिल रजिस्ट्रारपुढे आधी लग्नाच्या इराद्याची नोंद आणि ठरावीक काळानंतर पुन्हा सह्या, अशी दोन टप्प्यांत नोंदणी होते. आधी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक समजली जाते. परदेशी जोडीदाराला हे आधी नीट समजावून सांगा. त्याच्या देशात कदाचित अगदी उलटी रीत असेल.

तीस अधिक तीस

विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे. नोटीस देण्याआधी दोघांपैकी किमान एकाने त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेले असावे. तुमच्यातला एक जण तिथलाच रहिवासी असेल तर कायद्याची ही अट पूर्ण होते, तरी परदेशी जोडीदाराच्या राहण्याचा कागदही मागितला जाऊ शकतो. म्हणून आपल्या विवाह अधिकाऱ्याकडून कागदांची यादी आधी मिळवा. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते. त्यानंतर ३० दिवस हरकती घेण्याची मुदत असते. हरकत आलीच तर ती फक्त कायद्यातल्या अटींवरच घेता येते : दोघांपैकी कुणाचा पती किंवा पत्नी हयात आहे, वय कमी आहे, नाते निषिद्ध आहे, मानसिक आजारामुळे संमती देता येत नाही. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत होऊ शकत नाही. हरकतीची चौकशी करून निर्णय द्यायला अधिकाऱ्याला आणखी ३० दिवस असतात. आणि नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न झाले नाही तर ती नोटीस बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हे कागदावर उतरवून पाहा. समजा साताऱ्याचा मुलगा आणि पोलंडची मुलगी. नोटीस १ नोव्हेंबरला दिली. हरकतीची मुदत नोव्हेंबर संपता संपता उलटते. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत कधीही लग्न लागू शकते. मुलगी ३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर आली असेल तर हरकतीची मुदत संपण्याच्या सुमारासच तिची इथली मुदतही संपणार. हा छोटा व्हिसा वाढवून मिळत नाही. नातेवाईकांची तिकिटे काढून झालेली असतात, कार्यालयात एक दिवस उशीर होतो आणि सगळे कोसळते. म्हणून निदान वर्षभराचा टुरिस्ट व्हिसा काढा आणि एका भेटीत सलग किती दिवस राहता येईल याबद्दल त्यावर काय लिहिले आहे ते वाचा. देशागणिक हा आकडा बदलतो.

आणखी एक बारीक गोष्ट. ई-व्हिसाच्या अटींत तो वाढवता किंवा दुसऱ्या प्रकारात बदलता येत नाही असे नमूद असते. लग्न झाल्यावर परत न जाता भारतातच व्हिसा बदलून घ्यायचा विचार असेल, तर भारतीय दूतावासातून पासपोर्टवर लावून घेतलेला साधा टुरिस्ट व्हिसा हाताशी असलेला बरा.

कागद

परदेशी जोडीदाराकडून मुख्यतः चार कागद लागतात : पासपोर्ट आणि व्हिसा, जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला, आणि आधी लग्न झाले असेल तर घटस्फोटाचा हुकूम किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्युदाखला. यातला तिसरा सगळ्यांत त्रासदायक, कारण प्रत्येक देशाची रीत वेगळी. ब्रिटनमध्ये तो तिथल्या स्थानिक नोंदणी कार्यालयातून घ्यावा लागतो. अमेरिकेचे सरकार असा दाखला देतच नाही. तिथली व्यक्ती शपथपत्र करते आणि ते तिथल्या नोटरीपुढे किंवा मुंबई-दिल्लीच्या वकिलातीत प्रमाणित करून घेते. भारतात येण्याआधी हा कागद मिळवणे केव्हाही शहाणपणाचे. परदेशात निघालेल्या कागदांवर त्या देशाचे अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा अधिकृत शिक्का, हवे. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. करारात नसलेल्या देशाचा कागद तिथल्या भारतीय दूतावासाकडून साक्षांकित करून घ्यावा लागतो. इंग्रजी नसलेल्या कागदाचे अधिकृत भाषांतर जोडा.

नावाकडे डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्याकडे स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे तीन भागांचे नाव लिहितात, आणि अर्जात वडिलांचे नाव हटकून विचारतात. पोलंड किंवा जर्मनीच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव नसते. मग कुणीतरी सवयीने सासऱ्यांचे नाव किंवा मुलीच्या आईचे आडनाव मधल्या रकान्यात घालते आणि प्रमाणपत्रावर जगात कुठेच नसलेली एक व्यक्ती तयार होते. प्रमाणपत्रावर परदेशी जोडीदाराचे नाव पासपोर्टवर जसे आहे अगदी तसेच, त्याच स्पेलिंगने आले पाहिजे. वडिलांचे नाव लागलेच तर ते जन्मदाखल्यावरून घ्या. सही करण्याआधी कच्ची प्रत मागा आणि एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून बघा. लग्नानंतर तिला आपले आडनाव लावायचे असेल तर आधी तिच्या देशात पासपोर्ट बदलू द्या, मग इथल्या व्हिसाला हात घाला. मधल्या काळात एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे, अशी स्थिती ठेवू नका. आणि मनापासून सांगायचे तर, आडनाव बदललेच पाहिजे असा कोणताही नियम नाही.

लग्न परदेशातच झाले असेल तर भारतात येऊन पुन्हा नोंदणी करायची गरज नाही. तिथल्या प्रमाणपत्रावर त्या देशाचे अपॉस्टिल घेतले की पुरते. परदेशातल्या भारतीय दूतावासात १९६९च्या परदेशी विवाह कायद्याखालीही लग्न करता येते, दोघांपैकी एक जण भारतीय नागरिक असला म्हणजे झाले. हौसेने दोन देशांत दोन नोंदण्या केल्या की दोन तारखा होतात आणि पुढे प्रत्येक अर्जात ‘नेमके लग्न कधी झाले’ याचा खुलासा देत बसावे लागते. एकच प्रमाणपत्र पुरेसे आहे.

एंट्री व्हिसा

भारतीयाच्या परदेशी जोडीदारासाठी असलेल्या व्हिसाला एंट्री व्हिसा म्हणतात. तो दोन मार्गांनी मिळतो. एक, लग्नानंतर मायदेशी जाऊन तिथल्या भारतीय दूतावासात विवाह प्रमाणपत्रासह अर्ज करणे. दुसरा, भारतातच राहून एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, टुरिस्ट व्हिसा बदलून मागणे. हा अर्ज ई-एफआरआरओच्या संकेतस्थळावर होतो. मला विचाराल तर मी पहिला मार्ग सुचवेन. एक विमानप्रवास वाढतो खरा, पण हाती नवा कोरा व्हिसा येतो आणि टुरिस्ट व्हिसाच्या उरलेल्या दिवसांत जीव टांगणीला लागत नाही.

भारतात अर्ज केला तर पडताळणी होते. स्थानिक पोलीस ठाण्यातून कुणीतरी घरी येते, शेजाऱ्यांना विचारते, दोघे खरोखर एकत्र राहतात का ते बघते. यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही. भाडेकरार किंवा घराचा कर, विजेचे बिल, जोडखाते, लग्नाचे आणि घरच्यांसोबतचे फोटो एका फायलीत ठेवा. शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवा, की कुणी आले तर घाबरून ‘आम्हाला काही माहीत नाही’ म्हणू नका. भारतीय जोडीदाराकडून हमीपत्रही घेतले जाते.

सासरच्या मंडळींच्या कानावर घालण्याजोगा एक नियम आहे. परदेशी पाहुणा राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवावी लागते. याला सगळे ‘फॉर्म सी’ म्हणूनच ओळखतात. ही जबाबदारी हॉटेलवाल्याची असते एवढेच लोकांना माहीत असते, पण खासगी घरात उतरलेल्या परदेशी व्यक्तीसाठी ती घरमालकाची असते. होणारी सून पहिल्यांदा तुमच्या घरी राहायला आली तेव्हाही हा फॉर्म भरायचा. तो ऑनलाइन भरता येतो. आणि १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला, व्हिसावर वेगळे काही लिहिले नसेल तर, भारतात आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे नोंदणी करावी लागते. मुंबईसाठी स्वतंत्र एफआरआरओ आहे. इतर बहुतेक जिल्ह्यांत हे काम पोलीस आयुक्त किंवा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातला विभाग पाहतो.

एंट्री व्हिसा हा नोकरीचा परवाना नाही. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण परदेशातून आलेली शिकलेली मुलगी किंवा मुलगा घरात नुसता बसून राहणार नाही. कुणीतरी इंग्रजीचे वर्ग घ्यायला सांगते, कुणी योगशिबिरात शिकवायला बोलावते, कुणी आपल्या कंपनीत पगारावर ठेवते. परवानगीशिवाय घेतलेले असे काम व्हिसाच्या अटींचा भंग ठरते. काम करायचेच असेल तर आधी एफआरआरओकडे लेखी परवानगी किंवा व्हिसाचा प्रकार बदलून मागा.

मुदतीबद्दल कसलीही सूट मनात धरू नका. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आप्रवास आणि परदेशी नागरिक कायद्यात मुदत उलटून राहणाऱ्या किंवा व्हिसाच्या अटी मोडणाऱ्या व्यक्तीला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘लग्न झालंय, आता कोण विचारणार’ या समजुतीवर एकही दिवस काढू नये. व्हिसा संपण्याच्या दोन महिने आधी मुदतवाढीच्या कामाला लागा आणि परदेशी पासपोर्टची स्वतःची मुदतही त्याच वेळी तपासा. पासपोर्टला वर्षभरच उरले असेल तर व्हिसा पाच वर्षांचा मिळणार नाही.

दोन वर्षांनंतर

नोंदणी झालेले लग्न सलग दोन वर्षे टिकले की परदेशी जोडीदार ओसीआय कार्डासाठी पात्र होतो. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ अ मधले शब्द ‘नोंदणी झालेले आणि टिकलेले’ असे आहेत. म्हणून मी सुरुवातीला प्रमाणपत्रावरच्या तारखेचा आग्रह धरला. विधी २०२३ मध्ये आणि नोंदणी २०२५ मध्ये केली असेल, तर घड्याळ २०२५ पासून सुरू झाले असेच धरून चला. भारतात केलेल्या अर्जाची फी १५,००० रुपये आहे. टुरिस्ट व्हिसावर भारतात असताना हा अर्ज करता येत नाही. सुरक्षा तपासणी होते आणि दोघांनाही प्रत्यक्ष बोलावून विचारपूस केली जाते. ज्या व्यक्तीचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबा पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक आहेत किंवा होते, तिला ओसीआय मिळत नाही. लग्न भारतीयाशी झाले म्हणून हा नियम सैल होत नाही. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या व्यक्तीलाही मिळत नाही. ही माहिती ठरवाठरवीच्या वेळीच असलेली बरी. नंतर कळली तर दोघांनाही मोठा चटका बसतो.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, नाव काहीही असले तरी. मतदान करता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही. पण भारतात कितीही काळ राहता येते, एफआरआरओकडे नोंदणी लागत नाही आणि खासगी नोकरी, धंदा करता येतो. संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रचार आणि प्रतिबंधित प्रदेशात जाणे यांसाठी मात्र वेगळी परवानगी लागते, हे २०२१ च्या अधिसूचनेने स्पष्ट केले आहे. सह्याद्रीवर पुस्तक लिहिणारी किंवा परदेशी वर्तमानपत्रात बातम्या देणारी सून असेल तर हे ध्यानात असू द्या.

जमिनीचा प्रश्न आपल्याकडे निघतोच. ओसीआय कार्डधारकाला फ्लॅट, दुकान घेता येते. शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाहक्काने ती मिळू शकते. म्हणून ‘सुनेचे नाव सातबारावर घालू’ असे आनंदाच्या भरात कुणी म्हणाले तर आधी वकिलाशी बोला. महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्या भारतीयालाही शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही.

कार्ड मिळाल्यावर एक काम कायमचे मागे लागते. परदेशी पासपोर्ट नवा झाला की ३ महिन्यांत त्याची प्रत आणि नवा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा. जोडीदार म्हणून कार्ड मिळाले असेल तर सोबत लग्न अजून टिकून आहे, असे घोषणापत्रही द्यायचे.

लग्न मोडले तर? हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण परक्या देशात आलेल्या व्यक्तीला त्याचे उत्तर आधीच ठाऊक असणे हा तिचा हक्क आहे. सक्षम न्यायालयाने घटस्फोट दिला, किंवा लग्न चालू असताना तिने दुसरे लग्न केले, तर कलम ७ ड प्रमाणे जोडीदार म्हणून मिळालेले ओसीआय रद्द होऊ शकते. जोडीदाराच्या निधनाचा या कलमात उल्लेख नाही. मूळची भारतीय वंशाची व्यक्ती असेल तर तिने सुरुवातीलाच स्वतःच्या वंशाच्या आधारे कार्ड काढावे, लग्नाच्या आधारे नव्हे. दोन्ही दारे उघडी असताना जे दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नाही त्यातूनच जावे. आईवडिलांनी किंवा सासूसासऱ्यांनी सांगितले तरी तिने आपला पासपोर्ट, कार्ड आणि विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत स्वतःच्या ताब्यात ठेवावी. घरच्यांनीही तसेच वागावे. कपाटाची किल्ली सासूकडे आणि सुनेचा पासपोर्ट कपाटात, ही रीत इथे चालणार नाही.

नागरिकत्व आणि मुले

ज्यांना खरोखर भारतीय व्हायचे आहे त्यांच्यासाठी कलम ५ आहे. भारतीयाशी लग्न झालेली आणि सात वर्षे भारतात राहिलेली व्यक्ती नोंदणीने नागरिकत्व मागू शकते. या सातपैकी अर्जाआधीचे शेवटचे १२ महिने सलग भारतात गेलेले असावेत आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षे. दुसरी वाट ओसीआयची. पाच वर्षे ओसीआय असलेली आणि अर्जाआधी १२ महिने भारतात राहिलेली व्यक्तीही अर्ज करू शकते. मात्र भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. मूळ नागरिकत्व सोडावे लागते. आईवडील तिकडे म्हातारे होत असतील, तिथली पेन्शन असेल, तर घाई करू नका. ओसीआयवर आयुष्य काढणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे काही अडत नाही.

मुलांच्या बाबतीत जी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, ती नीट वाचा. भारतात जन्मलेले मूल भारतीय ठरण्यासाठी आईवडिलांपैकी एक भारतीय नागरिक असावा आणि दुसरा त्या वेळी ‘अवैध स्थलांतरित’ नसावा, असा ३ डिसेंबर २००४ पासूनचा नियम आहे. व्हिसाची मुदत उलटून राहिलेली व्यक्तीही या व्याख्येत येते. म्हणजे बाळंतपणाच्या धांदलीत परदेशी आईचा किंवा वडिलांचा व्हिसा संपला आणि त्याच आठवड्यात बाळ झाले, तर प्रश्न नुसत्या दंडाचा उरत नाही, बाळाच्या नागरिकत्वाचाच होतो. नववा महिना लागण्याआधी व्हिसाची तारीख बघा.

मूल परदेशात जन्मले तर एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात जन्माची नोंदणी करा. त्या वेळी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे घोषणापत्र द्यावे लागते. आजोळचा पासपोर्ट आधी काढून मग भारतीय नोंदणीला जाल, तर दार बंद असेल. मोठे झाल्यावर दोन देशांचे नागरिकत्व असलेल्या अशा मुलाने १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत दुसरे सोडले नाही, तर भारतीय नागरिकत्व संपते.

आणि दोघांनीही मृत्युपत्र करून ठेवावे, शक्यतो लग्नाच्या पहिल्याच वर्षी. विशेष विवाह कायद्यामुळे भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होणार असेल, तर मृत्युपत्राशिवाय पतीचे निधन झाल्यास पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश मिळते. बँकेतली ठेव, फ्लॅट, तिकडचे घर, प्रत्येक गोष्ट कोणत्या देशात आहे ते मृत्युपत्रात लिहा. दोन देशांत मालमत्ता असेल तर दोन देशांच्या वकिलांना दाखवून दोन मृत्युपत्रे करा, आणि दुसऱ्याने पहिले आपोआप रद्द होणार नाही अशी ओळ त्यात घाला.